लेखणी सर्वांच्या हाती, उत्तर कोणाच्या माथी?

प्रायश्चित्तकाळातील एका रात्री जेवण आटोपून आम्ही धर्मगुरुनिवासाच्या ओटीवर बसलो होतो. मोबाइलवर एक संदेश आला. सोबत एका मध्यमवयीन गृहस्थाचे छायाचित्र होते. हातात फाइल, मागे कुठल्याशा चर्चचे फाटक. हा इसम आजारी मुलीच्या नावाने घरोघर पैसे उकळतो, सावध राहा आणि इतरांनाही सावध करा, असा मजकूर खाली होता. पाठवणारा आमच्या परिचयाचा, सज्जन माणूस. आमच्या धर्मग्रामातील एकट्या राहणाऱ्या वृद्ध भगिनी आमच्या डोळ्यांपुढे आल्या. कळपाची राखण हे मेंढपाळाचे कर्तव्यच होय, असे मनाशी म्हणून आम्ही तो संदेश धर्मग्रामाच्या गटावर टाकला. सुमारे सव्वादोनशे कुटुंबांत तो एका क्षणात पोहोचला. आम्ही रात्रीची प्रार्थना म्हटली आणि स्वस्थ चित्ताने झोपी गेलो.

चौथ्या दिवशी तो गृहस्थ आमच्यासमोर येऊन उभा राहिला. शेजारच्या धर्मग्रामातला, छोट्या कारखान्यात नोकरी करणारा माणूस. मुलीचे आजारपण खरे होते, इस्पितळाचे कागद खरे होते, त्याच्या धर्मगुरूंचे शिफारसपत्रही खरे होते. आमच्याच गावातील एका गल्लीत चार पोरांनी त्याला ओळखले, त्याची फाइल हिसकावली आणि कागद गटारात फेकले. ते कागद त्याने घरी वाळवले होते. वाकडेतिकडे झालेले, डाग पडलेले ते कागद त्याने आमच्या मेजावर एकेक करून मांडले. तो रागावला नाही. “फादर, तुम्ही मला एकदा विचारायचे होते,” एवढेच तो म्हणाला.

हा प्रसंग आम्ही त्याच्या संमतीनेच येथे लिहीत आहोत. त्या दिवसापासून एक प्रश्न आमची पाठ सोडीत नाही. त्या संदेशातील एक अक्षरही आम्ही लिहिले नव्हते. छायाचित्र आम्ही काढले नव्हते. आम्ही फक्त अंगठ्याने एक खूण दाबली होती. मग त्या माणसाची अब्रू कोणी घेतली? ज्याने प्रथम लिहिले त्याने, की ज्यांनी पुढे पाठवले त्यांनी? आणि मूळ लिहिणारा कोण हे कधीच कळणार नसेल, तर या पापाचे उत्तर कोणी द्यायचे?

वाचकहो, हा प्रश्न केवळ आमचा नाही. आज आपल्या प्रत्येक घरात एक छापखाना आहे. आजीच्या उशाशी तो आहे, नातवाच्या दप्तरात तो आहे. पूर्वी छापखाना मोजक्यांच्या हाती होता, तेव्हा त्याची नीतीही मोजक्यांनीच सांभाळायची होती. आता छापखाना सर्वांच्या हाती आला आहे. त्याच्यासोबत त्याची नीतीही सर्वांच्या हाती आली आहे काय, हे पाहण्यासाठी थोडे मागे गेले पाहिजे.

हे नवे माध्यम जन्मले तेव्हा त्याचे रूप आजच्याहून पुष्कळ वेगळे होते. डिसेंबर १९९७ मध्ये जॉर्न बार्गर या अमेरिकन गृहस्थाने इंटरनेटवर रोज आपल्याला काय वाचायला सापडले याची नोंद ठेवण्यास प्रारंभ केला व त्या नोंदवहीला ‘वेबलॉग’ असे नाव दिले. १९९९ साली पीटर मेरहोल्झ याने गंमत म्हणून तो शब्द मध्येच तोडला आणि ‘ब्लॉग’ हा शब्द प्रचारात आला. त्याच वर्षी ऑगस्ट महिन्यात ‘ब्लॉगर’ ही सेवा सुरू झाली. तोवर इंटरनेटवर काही प्रसिद्ध करायचे तर संगणकाची भाषा थोडीबहुत यावी लागे. आता पत्र लिहिता येणाऱ्या कोणालाही आपले पान उघडता येऊ लागले. २००३ साली गूगलने ती सेवा विकत घेतली आणि हे लोण जगभर पसरले. आपली मराठी माणसेही यात मागे नव्हती. १९९६ सालीच ‘मायबोली’ या संकेतस्थळावर परदेशस्थ मराठी मंडळी एकत्र येऊ लागली होती. पुढे देवनागरी टंकलेखन सुलभ झाल्यावर मराठी ब्लॉगही बहरले. कोणी पाककृती लिहिल्या, कोणी प्रवासवर्णने, कोणी आपल्या गावाच्या आठवणी. ज्यांचे लेखन कोणत्याही संपादकाने कधी छापले नसते, अशा कित्येकांना वाचक मिळाले.

ब्लॉग ही दारे उघडी ठेवून लिहिलेली रोजनिशी होती. आणि अशा रोजनिश्या लिहिणाऱ्यांचे जे समुदाय निर्माण झाले, त्यांनी कोणी न शिकवता स्वतःसाठी काही रीती घालून घेतल्या. त्यांतील तीन आम्हांला फार मोलाच्या वाटतात. पहिली रीत अशी, की तुम्ही जे सांगता ते कोठून घेतले हे दाखवायचे. मूळ मजकुराचा दुवा दिला म्हणजे वाचकाला स्वतः जाऊन पडताळून पाहता येई. दुसरी रीत अशी, की लेखाखाली वाचकाला उत्तर देण्यास जागा ठेवायची. लिहिणारा उद्याही त्याच दारात सापडणार असे. त्याला जाब विचारता येई. आणि तिसरी रीत अशी, की चूक झाली तर चुकलेले वाक्य गुपचूप पुसायचे नाही. त्यावर रेघ मारून ते तसेच दिसू द्यायचे व शेजारी दुरुस्ती लिहायची. सगळेच या रीती पाळीत होते असे आम्ही म्हणत नाही. पण चांगला ब्लॉग कोणता आणि वाईट कोणता, हे ठरवण्याचे माप हेच होते. या तिसऱ्या रीतीत आम्हा ख्रिस्ती माणसांना ओळखीचे काही दिसावे. पाप लपवून पुण्यवान दिसायचे नाही, पाप कबूल करून नवे व्हायचे, हाच तर प्रायश्चित्त संस्काराचाही मार्ग आहे.

या समुदायांनी काय साधले ते पाहू. २६ डिसेंबर २००४ रोजी त्सुनामीच्या लाटांनी हिंदी महासागराच्या किनाऱ्यांवर हाहाकार माजवला, तेव्हा मुंबईतील काही ब्लॉगलेखकांच्या पुढाकाराने एक सामायिक ब्लॉग उभा राहिला. कोठे मदत हवी, कोठे स्वयंसेवक हवेत, कोणाचा शोध चालू आहे, याची माहिती देशोदेशींचे अनोळखी लोक त्यावर भरू लागले. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझ येथे चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस कोसळला आणि मुंबई बुडाली. ११ जुलै २००६ रोजी आपल्याच पश्चिम रेल्वेच्या लोकलगाड्यांत सात स्फोट झाले आणि सुमारे दोनशे माणसे मृत्युमुखी पडली. विरारच्या दिशेने घरी परतणाऱ्या माणसांची वाट पाहत ती रात्र अनेक घरांनी जागून काढली. दूरध्वनी लागत नव्हते. त्या रात्रीही ब्लॉगलेखकांनी इस्पितळांची माहिती, जखमींची नावे, निरोप एकमेकांपर्यंत पोहोचवले. शुभवर्तमानात जखमी वाटसरूला उचलणारा शोमरोनी त्याच्या गावचा नव्हता, त्याच्या धर्मपंथाचाही नव्हता. तरी तो शेजारी ठरला. शेजार हा अंतराने नव्हे, कृतीने ठरतो, ही त्या दाखल्याची शिकवण या अनोळखी लोकांनी आपापल्या परीने आचरली, असे म्हणण्यास आम्हांला संकोच वाटत नाही.

या माध्यमाने बड्यांनाही जाब विचारला. सप्टेंबर २००४ मध्ये अमेरिकेतील सीबीएस या विख्यात दूरचित्रवाणी संस्थेने राष्ट्राध्यक्ष बुश यांच्या लष्करी सेवेसंबंधी काही कागद दाखवले. ते कागद १९७० च्या दशकातील टंकलेखन यंत्रावरचे दिसत नाहीत, अशी शंका काही तासांतच ब्लॉगलेखकांनी घेतली. घरातल्या कपड्यांत बसून लिहिणारी ही माणसे म्हणून त्यांची थट्टा झाली. पण बारा दिवसांनी त्या संस्थेला हे कागद आपण वापरायला नको होते, असे जाहीर करावे लागले. अधिकाराच्या आसनावर बसलेल्याला सामान्य माणूस पुरावा मागू शकतो, ही गोष्ट लहान नव्हे.

आता नावाचा प्रश्न घेऊ. आपल्याला सहज वाटेल, की लिहिणाऱ्याने सही करावी, म्हणजे सर्व दोष मिटतील. आम्हीही पूर्वी असेच म्हणत असू. पण गोष्ट इतकी सोपी नाही. २००३ साली बगदादवर बाँब पडत असताना तेथील एक तरुण ‘सलाम पॅक्स’ या टोपणनावाने ब्लॉग लिहीत होता. अरबी व लॅटिन भाषांतील ‘शांती’ या अर्थाचे दोन शब्द जोडून त्याने ते नाव केले होते. सद्दामच्या राजवटीत खऱ्या नावाने लिहिणे म्हणजे मरण ओढवून घेणे होते. उलट आपल्या पालघरमध्ये नोव्हेंबर २०१२ मध्ये काय झाले ते आठवावे. शिवसेनाप्रमुख बाळासाहेब ठाकरे यांच्या निधनानंतर मुंबईत जो बंद पाळला गेला, त्याविषयी एका तरुणीने फेसबुकवर प्रश्न विचारला व दुसरीने त्यास पसंती दर्शवली. दोघींना अटक झाली. त्यांची नावे उघड होती, म्हणूनच त्या सापडल्या. पुढे २४ मार्च २०१५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने माहिती तंत्रज्ञान कायद्याचे ६६-अ हे कलम घटनाबाह्य ठरवून रद्द केले.

तेव्हा नाव झाकणे हे सदैव पाप आणि नाव सांगणे हे सदैव पुण्य, असा नियम करता येत नाही. आम्हांला भेद दिसतो तो असा. बलवानापुढे दुर्बलाने नाव झाकले, तर ती ढाल आहे. दुर्बलावर नाव झाकून शब्द फेकले, तर तो भिंतीआडून मारलेला दगड आहे. आणि आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. सलाम पॅक्सने नाव झाकले होते, पण ठिकाण झाकले नव्हते. त्याचे पान तेच होते. आज त्याने जे लिहिले त्याविषयी उद्या तेथेच जाऊन त्याला विचारता येत होते आणि तो खोटा ठरला असता तर त्याच पानावर ठरला असता. म्हणजे नैतिक प्रश्न मुळात नावाचा नाही, उत्तराचा आहे. जो बोलतो तो बोललेल्याचे उत्तर देण्यास कोठेतरी उभा आहे काय, एवढेच विचारायचे.

या मापाने पाहिले म्हणजे गेल्या काही वर्षांत आपण काय गमावले ते कळते. ब्लॉगांचा बहर ओसरला. माणसे आपापल्या अंगणातून उठून फेसबुक, ट्विटर यांच्या मोठ्या बाजारात गेली व तेथून व्हॉट्सॲपच्या असंख्य बंद खोल्यांत शिरली. बाजाराच्या मालकांची कमाई आपले लक्ष गुंतवून ठेवण्यावर अवलंबून असते आणि शांत शब्दापेक्षा संतप्त शब्द अधिक लक्ष वेधतो, हे सांगायला पंडित नको. बंद खोलीत तर तिन्ही रीती एकदमच नाहीशा झाल्या. संदेश कोठून आला ते दिसत नाही. मूळ लिहिणाऱ्याला उत्तर देता येत नाही. आणि दुरुस्ती केली तरी ती मूळ संदेशाच्या मागे धावून त्याला गाठू शकत नाही. ब्लॉग हे आपल्या दारावर लावलेले पत्र होते. पुढे पाठवलेला संदेश ही अंधारात हातोहात फिरणारी चिठ्ठी आहे.

तिचे परिणाम महाराष्ट्राने सोसले आहेत. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातील राईनपाडा येथे आठवड्याच्या बाजाराच्या दिवशी भटक्या नाथपंथी डवरी गोसावी समाजातील पाच पुरुषांना जमावाने ठार केले. मुले पळवणाऱ्या टोळ्या फिरत आहेत, अशा अफवा त्या दिवसांत मोबाइलवरून गावोगाव पसरल्या होत्या. ते पाच जण भिक्षा मागून पोट भरणारे होते. त्याच महिन्यात व्हॉट्सॲपने भारतात एक संदेश एका वेळी पाचच ठिकाणी पाठवता येईल अशी मर्यादा घातली. १६ एप्रिल २०२० च्या रात्री आपल्याच पालघर जिल्ह्यातील गडचिंचले येथे दोन साधू व त्यांचा वाहनचालक असेच जमावाच्या हातून मारले गेले. तेथेही चोर येत असल्याच्या अफवांनी आधी वातावरण पेटले होते. या आठही जणांना मारणारे हात दिसले, त्यांच्यावर खटले भरले गेले. पण त्यापूर्वी जे हजारो अंगठे हलले होते, त्यांची गणती कोणत्या न्यायालयात होणार? आमचा अंगठा त्यांच्याहून वेगळा होता काय? आमच्या बाबतीत कागद गटारात गेले, माणूस वाचला, एवढाच भेद. तो भेद आमच्या पुण्याईने पडलेला नव्हता.

सेमिनरीत शिकत असताना आम्ही संत थॉमस अक्वायनस यांची वाणीच्या पापांवरील प्रकरणे घोकली होती. तेव्हा ती कोरडी वाटली. आज ती पुन्हा काढून वाचली, तेव्हा तेराव्या शतकातील तो संन्यासी आमच्याच मोबाइलकडे बोट दाखवीत आहे असे वाटले. तोंडावर केलेला अपमान आणि पाठीमागे केलेली निंदा यांत ते भेद करतात. अपमान उघड्यावर होतो, ज्याचा होतो त्याला निदान प्रतिकार तरी करता येतो. निंदा त्याच्या अपरोक्ष होते. आज एक तिसराच प्रकार निर्माण झाला आहे. त्यात बोलणे माणसाच्या पाठीमागे होते आणि तरी भर बाजारात होते. सव्वादोनशे कुटुंबांना जे कळले ते ज्याच्याविषयी होते त्यालाच ठाऊक नव्हते.

पुढे ते ऐकणाऱ्याविषयी विचारतात. निंदा निमूटपणे ऐकून घेणारा, ती थांबवता येत असताना न थांबवणारा, हाही त्या पापात भागीदार होतो, असा त्यांचा निर्वाळा आहे. जर केवळ ऐकणारा भागीदार, तर पुढे नेणाऱ्याचे काय? आणि दोन मित्रांत बिब्बा घालणाऱ्या चहाडीला ते निंदेहूनही जड पाप मानतात, कारण मैत्री ही मानाहून मोठी. आपल्या कुटुंबांच्या गटांत, पाड्यांच्या गटांत, भावाभावांत आज जी तेढ दिसते, तिचे मूळ कधी कधी अशाच एखाद्या पुढे सरकवलेल्या ओळीत असते. आम्ही मिटवलेली काही भांडणे तेथूनच निघाली होती.

१९९२ साली पोप दुसरे जॉन पॉल यांच्या आधिपत्याखाली प्रसिद्ध झालेल्या कॅथोलिक धर्मशिक्षणाच्या ग्रंथात आठव्या आज्ञेखाली हा विचार अधिक नेमका केला आहे. तेथे तीन दोष वेगळे सांगितले आहेत. पुरेसा आधार नसताना दुसऱ्याचा दोष खरा मानणे हा पहिला. दोष खरा असला तरी योग्य कारणाशिवाय तो न जाणणाऱ्यांना सांगणे हा दुसरा. आणि खोटे बोलून दुसऱ्याच्या नावाला काळिमा लावणे हा तिसरा. आपण सामान्यतः तिसऱ्यालाच पाप समजतो. ‘खरे तेच सांगितले’ ही आपली आवडती सबब असते. पण सत्य हे तलवारीसारखे आहे. ती आपली आहे म्हणून वाटेल तेथे उपसता येत नाही. सीबीएसच्या कागदांविषयी बोलणे सार्वजनिक हिताचे होते, कारण तेथे एका देशाची निवडणूक पणाला लागली होती. शेजाऱ्याच्या मुलीचा मोडलेला विवाह चव्हाट्यावर मांडण्यात कोणाचे हित आहे?

आमचा दोष त्या यादीत पहिला होता. एका सज्जनाने पाठवले, म्हणून आम्ही खरे मानले. सज्जनाचा चांगुलपणा हा सत्याचा पुरावा नव्हे, हे आम्हांला कळायला हवे होते. आणि लोकांनी तो संदेश आमच्या नावावर खरा मानला. धर्मगुरूच्या झग्यावरचा विश्वास आम्ही एका अनोळखी माणसाच्या खोट्या शब्दाला उसना दिला. प्रत्येक पुढे पाठवणारा हेच करीत असतो. शब्द दुसऱ्याचा असतो, पत आपली असते.

मग आम्ही गप्प बसावे काय? मोबाइल विहिरीत टाकावा काय? चर्चची शिकवण असे सांगत नाही. ४ डिसेंबर १९६३ रोजी दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने समाजसंपर्क साधनांविषयीचा हुकूमनामा प्रसृत केला. १९६७ पासून जागतिक समाजसंपर्क दिन पाळला जातो. २००२ साली पोप दुसरे जॉन पॉल यांनी त्या दिनाचा संदेश इंटरनेटलाच वाहिला. २ मे २०११ रोजी, त्याच पोपमहोदयांना धन्यवादित घोषित केल्याच्या दुसऱ्या दिवशी, व्हॅटिकनने जगभरातील दीडशे ब्लॉगलेखकांना रोममध्ये बोलावून घेतले. त्याही फार पूर्वी, १५९४ नंतरच्या वर्षांत, शाब्ले प्रांतात आपले प्रवचन ऐकायला कोणी येत नाही असे पाहून संत फ्रान्सिस डी सेल्स हे लहान पत्रके लिहून लोकांच्या दारांखालून सरकवीत असत. १९२३ साली पोप अकरावे पायस यांनी त्यांना कॅथोलिक पत्रकार व लेखक यांचे आश्रयदाते घोषित केले. दारांखालून सरकवलेले ते पत्रक आणि आजचा संदेश यांत साम्य आहे खरे. पण तो पत्रके वाटणारा त्याच मुलखात पायी हिंडत होता. ज्याला वाद घालायचा असेल त्याला तो वाटेत भेटत होता.

उत्तर देणे म्हणजे काय, याचा एक मोठा वस्तुपाठ आम्हांला आठवतो. जानेवारी २००९ मध्ये पोप सोळावे बेनेडिक्ट यांनी चार बिशपांवरील बहिष्कार उठवला. त्यांतील एकाने ज्यूंच्या संहाराविषयी जी विधाने केली होती, त्यांमुळे जगभर संताप उसळला. १० मार्च २००९ रोजी पोपमहोदयांनी जगातील बिशपांना पत्र लिहिले व त्यात मान्य केले, की इंटरनेटवरील माहिती पाहिली असती तर ही अडचण वेळीच ध्यानात आली असती, असे आपल्याला सांगण्यात आले. यापुढे या साधनाकडे अधिक लक्ष दिले पाहिजे हा धडा आपण घेतला आहे. पेत्राच्या आसनावरून, स्वतःच्या सहीने, सर्वांना वाचता येईल असे. चूक मान्य केल्याने आसनाची उंची कमी झाली नाही.

त्याच धर्मशिक्षणाच्या ग्रंथात भरपाईचे कर्तव्यही सांगितले आहे. पापाची क्षमा मिळाली म्हणून भरपाईतून सुटका होत नाही. चोरलेली गाय परत करावी लागते. घेतलेली अब्रूही परत करावी लागते. संत फिलिप नेरी यांच्याविषयी एक कथा सांगितली जाते. निंदा करणाऱ्या एका स्त्रीला त्यांनी कोंबडीची पिसे उपटीत रस्त्याने चालत जायला सांगितले व मग ती सर्व गोळा करून आणायला सांगितली. आम्ही ती कथा प्रवचनांत अनेकदा वापरली आहे. आता ती सांगताना जीभ अडखळते. त्या बाईची पिसे निदान पावसात कुजून गेली असतील. आमची पिसे कुजत नाहीत. ज्याच्या हाती पडतात त्याच्या हातून ती नव्याने उडतात.

आम्ही काय केले ते सांगतो. पुढच्या रविवारी तिन्ही मिस्सांच्या वेळी वेदीजवळून आम्ही आपली चूक सांगितली व क्षमा मागितली. ज्या गटावर तो संदेश टाकला होता त्याच गटावर आमच्या नावानिशी दुरुस्ती टाकली. धर्मग्रामाने त्या कुटुंबासाठी वर्गणी गोळा केली. मुलीची शस्त्रक्रिया सव्वा महिना लांबली होती. ती झाली आणि मुलगी आज शाळेत जाते. त्या रविवारी तो गृहस्थ शेवटच्या बाकावर बसला होता. मिस्सा झाल्यावर त्याने आमचा हात हातात घेतला आणि म्हणाला, “फादर, तुम्ही माफी मागितली, माझ्या मनात काही नाही. पण जे आज इथे होते त्यांना खरे काय ते दोन दिवसांपूर्वीच कळले होते. ज्यांनी ऐकायला हवे ते चर्चमध्ये नव्हते.”

आठ महिन्यांनी तोच संदेश, तेच छायाचित्र, आखाती देशात नोकरी करणाऱ्या आमच्या भाच्याने काळजीपोटी आम्हांलाच पाठवला.

तेव्हापासून आम्ही एक वही ठेवली आहे. तो संदेश जेथे जेथे दिसल्याचे कळते, तेथे आम्ही आमच्या नावानिशी, पत्त्यानिशी, दूरध्वनी क्रमांकानिशी लिहून कळवतो, की हे खोटे आहे आणि ते पसरवणाऱ्यांत आम्हीही होतो. आजवर एकोणीस ठिकाणी लिहिले. धर्मग्रामाच्या गटासाठीही आम्ही तीन साधे नियम केले आहेत आणि ते कोणत्याही कुटुंबाच्या गटात सहज पाळता येतील. एखाद्या माणसाविषयी काही पाठवायचे तर ते आपल्याला कोठून कळले हे लिहावे आणि त्याचे उत्तर देण्याची आपली तयारी असावी. ज्याच्याविषयी ते आहे त्याला, शक्य असेल तर, आधी विचारावे. आणि चूक झालीच तर ज्या वाटेने ती गेली त्याच वाटेने, त्याच लोकांपर्यंत, आपल्या नावाने दुरुस्ती पाठवावी. हे नियम नवे नाहीत. जुन्या ब्लॉगलेखकांनी ते आपण होऊन पाळले होते आणि आठव्या आज्ञेत ते त्याहून कितीतरी आधीपासून आहेत.

मूळ संदेश कोणी लिहिला हे आम्हांला आजही ठाऊक नाही. पूर्वी आम्हांला वाटे, की तो सापडला म्हणजे आमच्या माथ्यावरचे ओझे उतरेल. आता तसे वाटत नाही. त्याचे उत्तर तो देईल. आमच्या अंगठ्याचे उत्तर आम्हांलाच द्यायचे आहे. अब्रूचे ऋण एकरकमी फिटत नाही. हा लेख म्हणजे त्याचाच एक हप्ता. तो संदेश, फाइल हातात घेतलेल्या त्या गृहस्थाचा, वाचकहो, आपल्यापैकी कोणाच्या मोबाइलवर अजून असेल, तर कृपा करून आम्हांला कळवावे. विसावी ओळ लिहायला वहीत जागा आहे.